सोयाबीनमध्ये एवढी प्रथिनं, तरी कोंबडीच्या खाद्यात पांढरी पूड कशाला?

हिवाळा आला की पुण्यातल्या वर्तमानपत्रांत अंड्यांच्या भावाची बातमी ठरलेली असते. शेकडा अमुक रुपये झाला, किरकोळीत डझन तमुकला गेला, आणि कारण काय, तर थंडीतली मागणी आणि महागलेली सोयापेंड. पेंडीमुळे अंडं महागतं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पेंडीचा भाव इतका भडकला की केंद्र सरकारला १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करू द्यावी लागली, तेव्हा तर हा विषय पहिल्या पानावर होता.

बातमीत न येणारी गोष्ट वेगळी आहे. पेंड कितीही चांगली आणि कितीही भरपूर घातली, तरी प्रत्येक टन खाद्यात दोन-तीन किलो पांढरी, उग्र वासाची एक पूड घालावीच लागते. तिचं नाव मेथिओनिन. पोल्ट्रीवाल्याला हे नाव तोंडपाठ असतं. ग्राहकाला मात्र त्यात औषध, हार्मोन किंवा ‘केमिकल’ दिसतं. खरं तर ही पूड म्हणजे सोयाबीनमध्ये जे कमी पडतं त्याची भरपाई आहे. आणि ‘कमी’ हा शब्दही जपून वापरायला हवा, कारण त्याच सोयाबीनमध्ये माणसाच्या दृष्टीने काही कमी नसतं.

## प्रथिनं मोजायची कशी?

खाद्याच्या पोत्यावर ‘प्रथिने २२ टक्के’ असं छापलेलं असतं. हा आकडा कसा निघतो? प्रयोगशाळेत खाद्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. बस्स. म्हणजे त्या आकड्यावरून प्रथिनं किती हे कळतं, कसली हे कळत नाही. पोत्यात कोणी युरिया मिसळला तरी तो आकडा छान वाढतो, आणि तसे प्रकार होतातही.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. अमिनो आम्लं एकूण वीस, आणि कुठल्या प्रथिनात कुठलं आम्ल कितव्या जागी बसणार हे आधीच ठरलेलं असतं. ऑफसेट यायच्या आधी शहरातल्या पेठांमधल्या छापखान्यांत खिळे जुळवून मजकूर उभा करत, ते आठवा. ‘टिळक रोड’ छापायचं असेल आणि पेटीतले ‘ळ’ संपले असतील, तर ‘क’चे दोनशे खिळे शिल्लक असून उपयोग नाही. ओळ तिथेच थांबते. शरीराचंही तसंच होतं, फक्त त्याची अडचण आणखी मोठी आहे. शरीराला उरलेले खिळे उद्यासाठी पेटीत ठेवता येत नाहीत. जे वापरलं गेलं नाही ते मोडून त्यातला नायट्रोजन बाहेर टाकावा लागतो.

जे आम्ल सगळ्यांत आधी संपतं त्याला पोषणशास्त्रात मर्यादक अमिनो आम्ल म्हणतात. मका आणि सोयापेंड यांवर वाढणाऱ्या कोंबडीसाठी हे आम्ल म्हणजे मेथिओनिन. त्याच मका-सोयावर डुक्कर वाढवलं तर आधी लायसिन संपतं. गाईचं तर गणितच निराळं. तिच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजंतू स्वतःच अमिनो आम्लं बनवतात, त्यामुळे पेंडीत काय आहे आणि गाईला काय मिळतं यांचा थेट संबंध राहत नाही. म्हणून गोठ्यावरचा अनुभव कोंबड्यांच्या शेडवर जसाच्या तसा लावायला जाऊ नये.

## मेथिओनिनचं काम काय?

वीस अमिनो आम्लांपैकी दोनांतच गंधक असतं: मेथिओनिन आणि सिस्टीन. १९२०च्या दशकात दुधातल्या केसिनमधून मेथिओनिन वेगळं केलं गेलं आणि १९२८ मध्ये बार्जर आणि कॉइन यांनी त्याची रचना सिद्ध केली. पेशीत कुठल्याही प्रथिनाची साखळी जुळवायला सुरुवात होते ती मेथिओनिनपासूनच. शरीराला लागणारं सिस्टीन मेथिओनिनपासून बनवता येतं, पण सिस्टीनपासून मेथिओनिन बनवता येत नाही. म्हणून खाद्याचा हिशोब करताना दोन आकडे पाहतात, एक नुसत्या मेथिओनिनचा आणि दुसरा दोघांच्या बेरजेचा.

कोंबडीला गंधक एवढं लागतं ते मुख्यतः पिसांमुळे. पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ केराटिन, आणि केराटिन सिस्टीनच्या गंधकी टाक्यांनी घट्ट शिवलेलं असतं. पिसं जळाली की जो वास येतो तो त्याच गंधकाचा. पाच-सहा आठवड्यांत चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमच्या पिलाचं दोन किलोचं पाखरू होतं आणि त्याच काळात अंगभर पिसंही येतात. अंड्यावरच्या कोंबडीची गरज आणखी सरळ दिसते. ६० ग्रॅमच्या एका अंड्यातून सुमारे १९० मिलिग्रॅम मेथिओनिन शेडबाहेर जातं, आणि तिची दिवसाची गरज धरली जाते ३०० मिलिग्रॅम. मेथिओनिन कमी पडलं की ती लगेच अंडी द्यायची थांबत नाही. आधी अंडं लहान होतं, मग संख्या घटते. ब्रॉयलरमध्ये, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांत, पिसं विरळ राहतात, पोटात चरबी धरते, वजनं मागेपुढे होतात, आणि पक्षी एकमेकांची पिसं उपटून खायला लागतात. पिसं खाताना दिसली की बरेच जण आधी मीठ वाढवतात. मीठ कमी असेल तर तेही बरोबरच, पण एकदा मेथिओनिनचा आकडाही तपासायला हवा.

## बी असं का वागतं?

सोयाबीनच्या दाण्यात वजनाच्या सुमारे ४० टक्के प्रथिन असतं. पुण्यात आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेल्या एमएसीएस १४०७ या वाणात ते ४१ टक्के आहे आणि तेल १९.८१ टक्के. पण हे प्रथिन झाडाने आपल्यासाठी साठवलेलं नाही. रोपटं उगवताना त्याला लागणारा नायट्रोजन भरून ठेवण्याची ती सोय आहे, आणि त्या कामाला गंधक फारसं लागत नाही.

साठवणीच्या या प्रथिनांत दोन मोठे गट आहेत, ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन. पहिल्यात गंधकी आम्लं बऱ्यापैकी असतात. दुसऱ्यात ती फारच थोडी, आणि त्याच्या एका घटकात तर मेथिओनिन जवळजवळ नसतंच. जमिनीत गंधक कमी असेल तर झाड हुशारी करतं. गंधक लागणारं प्रथिन कमी बनवतं आणि हे बिनगंधकाचं वाढवतं. दाणा भरलेला दिसतो, प्रथिनांचा टक्का तोच राहतो, आतली प्रत मात्र उतरते.

इथे खताचा संबंध येतो. पेरणीला डीएपी टाकलं तर १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद मिळतं, गंधक शून्य. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्केच, पण सोबत सुमारे ११ टक्के गंधक. सोयाबीनला हेक्टरी २० किलो गंधकाची शिफारस सर्रास केली जाते. हेक्टरी ६० किलो स्फुरद सिंगल सुपरमधून द्यायचं तर ३७५ किलो, म्हणजे साडेसात पोती लागतात, आणि त्यातून ४० किलोच्या आसपास गंधक आपोआप जातं. डीएपीची पोती कमी लागतात, ओढायला सोपी पडतात, म्हणून लोक तेच घेतात. पेंड घेणारा गिरणीवाला गंधकाचे पैसे देत नाही, तोवर शेतकऱ्याने तरी प्रतीचा विचार का करावा, हा प्रश्न रास्तच आहे. पण गंधकाने उत्पादन आणि तेल या दोन्हींतही फरक पडतो, आणि ते मात्र त्याच्याच पदरात पडतं.

## शंभर किलो खाद्याचा हिशोब

आता आकडेमोड करू, कारण तिच्याशिवाय हा विषय नुसता ऐकीव राहतो. ब्रॉयलरच्या पहिल्या तीन आठवड्यांचं खाद्य घ्या. मका ५५ किलो, चांगल्या प्रतीची सोयापेंड ३८ किलो, तेल ३ किलो, आणि उरलेल्या ४ किलोत चुनखडी, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), मीठ, जीवनसत्त्वं.

मक्यात प्रथिन साडेआठ टक्के, लायसिन ०.२६, मेथिओनिन ०.१८ आणि सिस्टीन ०.१८ टक्के. चांगल्या पेंडीत, म्हणजे बाजारात जिला डीओसी म्हणतात तिच्यात, प्रथिन साडेअठ्ठेचाळीस टक्के, लायसिन २.९६, मेथिओनिन ०.६७, सिस्टीन ०.७२.

गुणाकार-बेरीज केली की प्रथिन येतं २३.१ टक्के. गरज २३. काम फत्ते. लायसिन येतं १.२७ टक्के, गरज १.१०. तेही वर शिल्लक. मेथिओनिन आणि सिस्टीनची बेरीज मात्र येते ०.७३, आणि गरज आहे ०.९०. तूट ०.१७ टक्क्याची, म्हणजे टनाला १ किलो ७०० ग्रॅम. गरजेचे हे आकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये दिलेले. आजच्या जाती त्याहून वेगाने वाढतात, म्हणून प्रत्यक्षात टनाला दोन ते तीन किलो मेथिओनिन पडतं. शिवाय आपल्याकडे मिळणारी पेंड बहुतेक वेळा ४५-४६ टक्क्यांची असते, त्यामुळे तूट आणखी थोडी वाढते.

## मग पेंडच वाढवली तर?

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही, फक्त महाग आहे. एक किलो मका काढून एक किलो पेंड घातली की शंभर किलो खाद्यात गंधकी आम्लं सुमारे १० ग्रॅमनी वाढतात. १७० ग्रॅमची तूट भरायला १७ किलो पेंड जास्त लागेल. म्हणजे पेंड ५५, मका ३८. प्रथिन जाईल ३० टक्क्यांवर.

हिशोबापुरता मका २२ रुपये, पेंड ४० आणि मेथिओनिन ३०० रुपये किलो धरा. पेंडीचा मार्ग शंभर किलोला तीनशे रुपयांच्या वर पडतो, पुडीचा पन्नास-बावन्न रुपयांना. पेंडीचा भाव दुप्पट झाला की ही दरी किती रुंदावते ते वेगळं सांगायला नको.

पैशांपेक्षा वाईट जे होतं ते शेडमध्ये दिसतं. सात टक्के जादा प्रथिनाचा नायट्रोजन युरिक आम्ल होऊन विष्ठेतून जातो. ते बाहेर टाकायला पक्षी पाणी जास्त पितात. पेंडीतलं पोटॅशियम आणि न पचणाऱ्या शर्करा विष्ठा पातळ आणि चिकट करतात. शेडमध्ये खाली पसरलेलं तूस ओलं होतं, त्यातून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, पायाच्या तळव्यांना चट्टे पडतात. पावसाळ्यात पडदे खाली असताना हे सगळं दोन दिवसांत हाताबाहेर जातं.

## कच्चं सोयाबीन भरडून दिलं तर?

भाव पडले की सोयाबीन घरात पडून राहतं, आणि मग कोणाच्या तरी मनात येतं की विकण्यापेक्षा भरडून कोंबड्यांना घालू. हे करू नये.

कच्च्या दाण्यात ट्रिप्सिनरोधक असतात. ट्रिप्सिन हे आतड्यातलं प्रथिन पचवणारं विकर, म्हणजे साखळी तोडणारी कात्री. रोधक तिला जखडून ठेवतो. शरीर आणखी ट्रिप्सिन सोडतं, स्वादुपिंड सुजून मोठं होतं, आणि ते सगळं विकर विष्ठेतून वाया जातं. आता यातली मेख पाहा. ही विकरं स्वतःच सिस्टीनने भरलेली असतात. म्हणजे जे आम्ल आधीच अपुरं, तेच कच्चं सोयाबीन शरीरातून आणखी ओढून काढतं. शिजवलेल्या सोयाबीनवर उंदीर वाढतात आणि कच्च्यावर खुरटतात, हे ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखवलं होतं.

गिरणीत हेक्झेन नावाच्या द्रावकाने तेल काढून झालं की पेंड वाफेवर साधारण १०० ते ११० अंशांना शेकतात. एकाच फेरीत हेक्झेन उडून जातं आणि रोधकही मरतात. शेक कमी पडला तर रोधक शिल्लक राहतात. जास्त झाला तर लायसिन शर्करेला चिकटून बसतं आणि पचत नाही, सिस्टीनही नासतं. पोत्यावरचा प्रथिनांचा टक्का दोन्ही वेळी तोच.

शेक बरोबर झाला का, हे पाहायची एक साधी परीक्षा आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं विकर असतं आणि ते जवळपास ट्रिप्सिनरोधकाइतक्याच उष्णतेला मरतं. पेंडीचा पातळ थर बशीत पसरून त्यावर युरिया आणि फिनॉल रेडचं तयार द्रावण शिंपडतात. युरिएज जिवंत असेल तर युरियातून अमोनिया सुटतो आणि तिथे लाल ठिपका उमटतो. पाच मिनिटांत तुरळक ठिपके आले तर पेंड ठीक. सगळी बशी लालभडक झाली तर पेंड कच्ची. अर्धा तास वाट पाहूनही एक ठिपका नाही, आणि रंगही तांबूस-तपकिरी आहे, तर ती करपली असण्याची शक्यता मोठी. ही परीक्षा कच्चेपणा नेमका पकडते, करपणं नुसतं सुचवते. करपण्याची खात्री प्रयोगशाळेतच होते. तिथे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या ०.२ टक्के द्रावणात किती प्रथिन विरघळतं ते पाहतात. ७८ ते ८५ टक्के आलं तर उत्तम, ७३च्या खाली गेलं तर पेंड जळालेली.

घरचंच सोयाबीन द्यायचं असेल तर रात्रभर भिजवून, पाणी फेकून, चांगलं अर्धा तास उकळायला हवं. कढईत परतून बाहेरून तांबूस झालेला दाणा आत कच्चा राहतो.

## पूड येते कुठून? ती हार्मोन आहे का?

नाही. हार्मोन शरीराला आज्ञा देतं. मेथिओनिन हा बांधकामाचा माल आहे. ब्रॉयलर झपाट्याने वाढतो तो निवड पद्धतीने घडवलेल्या जातींमुळे आणि मोजूनमापून दिलेल्या खाद्यामुळे. वाढीचं हार्मोन तर स्वतःच प्रथिन आहे. खाद्यातून दिलं तर इतर प्रथिनांसारखं पचून जाईल.

‘केमिकल’ या शब्दाला मात्र आधार आहे. बाजारातलं बहुतेक मेथिओनिन खनिज तेलापासून निघालेल्या ॲक्रोलीन, मिथाइल मरकॅप्टन आणि हायड्रोसायनिक आम्ल यांपासून कारखान्यात बनतं. ही नावं ऐकून छातीत धस्स होणं साहजिक आहे. शेवटी जो रेणू हाती येतो त्यात यांतलं काही उरत नाही. फरक एवढाच की कारखान्यात डावं आणि उजवं अशी दोन्ही रूपं निम्मी-निम्मी तयार होतात, आणि निसर्गात फक्त डावं असतं. म्हणून पोत्यावर डीएल-मेथिओनिन, ९९ टक्के असं लिहिलेलं असतं. कोंबडीच्या यकृतात उजव्याचं डावं करण्याची चांगली सोय आहे, त्यामुळे तिला दोन्ही चालतात. माणसाला ते इतकं नीट जमत नाही. आंबवण्याच्या प्रक्रियेतून निव्वळ डावं मेथिओनिन बनवणारे कारखानेही आता आहेत. लायसिन तर बहुतेक तसंच बनतं.

सेंद्रिय कुक्कुटपालनात यावरून खरी ओढाताण आहे. युरोपीय संघ सेंद्रिय खाद्यात कृत्रिम अमिनो आम्लं चालवून घेत नाही. अमेरिकेने ब्रॉयलर आणि अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी टनाला साधारण एक किलोची मर्यादा घालून मार्ग काढला आहे. पुडीशिवाय भागवायचं तर मासळीची कुटी किंवा तिळाची पेंड हवी. तिळाच्या पेंडीत मेथिओनिन सोयापेंडीच्या दुपटीच्या जवळ जातं, पण लायसिन एक टक्क्याच्या आसपासच, म्हणून ती सोयाच्या जोडीनेच चालते. मासळीची कुटी कागदावर सरस, प्रत्यक्षात तिच्यात रेती आणि मीठ किती आहे ते पाहूनच घ्यावी. ‘हर्बल मेथिओनिन’ म्हणूनही पुड्या विकल्या जातात. त्यांत मेथिओनिन किती ग्रॅम आहे हा साधा प्रश्न विक्रेत्याला विचारावा, आणि उत्तर ग्रॅममध्ये नसेल तर पाकीट परत द्यावं.

## जातच सुधारली तर?

तोही प्रयत्न झाला. ब्राझील नटमधलं एक प्रथिन मेथिओनिनने गच्च भरलेलं असतं. त्याचा जनुक १९९०च्या दशकात एका अमेरिकी बियाणे कंपनीने सोयाबीनमध्ये बसवला. मेथिओनिन वाढलं. मग तपासणीत लक्षात आलं की ज्यांना ब्राझील नटची ॲलर्जी आहे त्यांचं रक्त या नव्या सोयाबीनवरही तशीच प्रतिक्रिया देतं. ज्या प्रथिनासाठी खटाटोप केला तेच ॲलर्जीचं मूळ निघालं. १९९६ मध्ये हे निष्कर्ष छापून आले, आणि ते बियाणं बाजारात कधी उतरलंच नाही.

२०२१ च्या आयातीतली जनुकीय पेंड याहून वेगळी. जगभर पिकणारं जनुकीय सोयाबीन मुख्यतः तणनाशक आणि कीड यांना तोंड देता यावं म्हणून बदललेलं असतं. त्याच्या मेथिओनिनमध्ये फरक पडत नाही, ती पेंड वापरली तरी पूड तेवढीच लागते. भारतात असं सोयाबीन पेरायला परवानगी नाही. पेंडीत उगवणारं बी नसतं, या मुद्द्यावर ती आयात झाली.

साध्या संकरातून मेथिओनिन थोडंफार वाढवता येतं, पण पैदासकाराच्या यादीत ते खाली असतं. एमएसीएस १४०७ संकरातूनच काढलेलं. त्याचं कौतुक झालं ते हेक्टरी ३९ क्विंटलपर्यंतच्या उत्पादनासाठी आणि चक्रीभुंग्यासारख्या किडींना तोंड देण्यासाठी. शेतकऱ्याला क्विंटलचा हमीभाव मिळतो, २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये आहे. मेथिओनिनला भाव नाही.

## मग सोया वड्या खायच्या की नाही?

खुशाल खा. सोयाच्या प्रत्येक ग्रॅम प्रथिनात गंधकी आम्लं सुमारे २८ मिलिग्रॅम असतात. मोठ्या माणसाला ग्रॅममागे २२ पुरतात. पिलाला लागतात ३९. पिलाला अंगभर पिसं उगवायची असतात, आपल्याला डोक्यावरचे केस सांभाळले तरी खूप झालं.

साठ किलोच्या माणसाची रोजची गरज ९०० मिलिग्रॅम. ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांतून ७०० च्या वर मिळतात, शंभर ग्रॅम कणकेच्या पोळ्यांतून ४०० च्या आसपास. भागलं. गव्हात लायसिन कमी असतं, ते सोयात भरपूर, म्हणून ही जोडी बसते. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याच्या वाढीचा वेग मोठा असतो, म्हणून सोयापासून बनवलेल्या बाळाच्या दुधाच्या पावडरीत मेथिओनिन वरून घातलेलं असतं. घरी काढलेलं सोयादूध त्या जागी देऊ नये.

गावरान कोंबडीला पूड लागत नाही, ती किडे, वाळवी आणि उकिरड्यातल्या अळ्या खाते आणि सावकाश वाढते. तिलाच शेडमध्ये बांधून नुसत्या मका-सोयावर ठेवलं की तिचीही पिसं झडतात.

## मिसळताना कुठे चुकतं

टनाला दोन किलो म्हणजे पाचशे भागांत एक भाग. पूड सरळ मिक्सरमध्ये ओतली तर ती एका कोपऱ्यात राहते. आधी दहा-वीस किलो मक्याच्या बारीक भरड्यात हाताने सारखी कालवावी, मग ते मिश्रण मिक्सर अर्धा भरल्यावर घालावं. एकाच शेडमध्ये काही पक्षी टपोरे आणि काही खुरटलेले दिसले तर रोग शोधण्याआधी मिक्सर किती मिनिटं फिरतो ते पाहावं.

जास्त घालून फायदा होईल, हा समज घातक आहे. सगळ्या अमिनो आम्लांत जादा झालेलं मेथिओनिन सर्वांत लवकर बाधतं. पक्षी खाणं सोडतात, वजन घटतं.

भेसळ ओळखायला वास पुरत नाही, कारण थोडी खरी पूड मिसळली तरी उग्र वास येतो. चमचाभर पूड लोखंडी पळीत घेऊन उघड्यावर, तोंड लांब ठेवून जाळावी. खरं मेथिओनिन जळून जातं, राख जवळजवळ उरत नाही. तळाशी पांढरा थर राहिला तर तो मीठ किंवा चुनखडी, आणि त्याचे पैसे मेथिओनिनच्या भावाने मोजलेले.

## इथेनॉलच्या चोथ्याने नवा घोळ

मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा सुका चोथा, म्हणजे डीडीजीएस, पेंडीपेक्षा स्वस्त पडतो आणि हल्ली खाद्यात भराभर येतो आहे. सोयाबीनचे भाव दबण्यामागे हेही एक कारण सांगितलं जातं. मक्याच्या चोथ्यात प्रथिन २७ टक्क्यांच्या आसपास, मेथिओनिन अर्ध्या टक्क्याच्या जवळ, म्हणजे प्रथिनाच्या मानाने सोयापेक्षा चांगलं. पण लायसिन पाऊण टक्काच, आणि सुकवताना करपलं तर त्यातलंही पचत नाही.

म्हणून पेंड काढून चोथा घातला आणि पुडीचं प्रमाण तेच ठेवलं, तर मेथिओनिन पुरतं आणि लायसिन संपतं. पक्षी पुन्हा खुरटतात, कारण मात्र उलटं. पेंड जितकी घटेल तितकं लायसिन वरून द्यावं लागतं. मूळ मक्याला बुरशी असेल तर अफ्लाटॉक्सिन चोथ्यात सुमारे तिपटीने गोळा होतं, कारण स्टार्च निघून जातो आणि विष मागे राहतं. चोथ्याच्या प्रत्येक गाडीची तपासणी लायसिनसाठी एक आणि अफ्लाटॉक्सिनसाठी एक अशी दोनदा करावी, आणि रंग गडद तपकिरी असेल तर तपासणीआधीच गाडी परत पाठवावी.